बीकेसीचं काम आणि अलिबागची सुट्टी: शुक्रवारी नव्हे, रविवारी निघा

ऑफिसच्या कामाने मुंबईला जायचं आणि त्याला जोडून घरच्यांसोबत दोन दिवस समुद्रावर काढायचे, हा बेत नागपुरात बसून फार सोपा वाटतो. बहुतेक जण तो असा आखतात: शुक्रवारी संध्याकाळी मीटिंग संपली की तिथूनच बॅग उचलायची आणि रिसॉर्ट गाठायचं. माझा सल्ला नेमका उलटा आहे. शुक्रवारी संध्याकाळी अख्खी मुंबई बाहेर पडते आणि रविवारी दुपारनंतर ती परत येते. आपण परगावचे, रजा टाकूनच आलेलो. मग त्या लोंढ्यात शिरायचं कशाला? शनिवार मुंबईला द्या, रविवारी दुपारी अलिबागला निघा आणि सोमवार-मंगळवार तिथे राहा. रिसॉर्टचं भाडं उतरलेलं असतं, बोट अर्धी रिकामी असते आणि पोहण्याच्या तलावात आपल्या लेकरांना पाय मारायला जागा असते.

आम्ही फेब्रुवारीत गेलो. माझं काम गुरुवार-शुक्रवार, बीकेसीत, म्हणजे वांद्रे-कुर्ला संकुलात. नवरा आणि लेक शनिवारी सकाळी दुरांतोने सीएसएमटीला उतरले.

आधी पैशांचं बोलते, कारण गोंधळ तिथेच होतो. साहेबांना तोंडी सांगून भागत नाही. काम अमुक तारखेला संपतं, पुढचे दिवस माझी रजा, परतीचं तिकीट अमुक तारखेचं, असं मेलवर लिहून मंजुरी घ्या. बऱ्याच ऑफिसांत परतीचं भाडं कामाच्या शेवटच्या दिवशी जेवढं पडलं असतं तेवढंच मिळतं, वरचा फरक आपला. म्हणून तिकीट काढतानाच त्या दिवशीच्या भाड्याचा स्क्रीनशॉट काढून ठेवा. महिनाभराने अकाउंट्सवाल्याने विचारलं तर तो आकडा कुठून आणणार? मी स्वतः अकाउंट्सचीच, त्यामुळे हा प्रश्न मीच लोकांना विचारत असते.

हॉटेलात मुक्काम वाढवायचा असेल तर ऑफिसच्याच दराने मिळेल का ते विचारा, पुष्कळदा मिळतो. पण बिलं दोन करून घ्या. कामाच्या रात्रींचं बिल कंपनीच्या नावाने, तिच्या जीएसटी नंबरसकट, आणि पुढच्या रात्रींचं आपल्या नावाने. एकाच बिलावर लेकीचं आइस्क्रीम आणि आपलं टॅक्सी-भाडं शेजारी शेजारी आलं की ते बिल टेबलाटेबलावर फिरतं. जीएसटीचं एक गणितही लक्षात ठेवा. २२ सप्टेंबर २०२५ पासून दिवसाला ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवर ५ टक्के कर आहे आणि त्याच्या वर गेलात की १८ टक्के. ७,४०० ची खोली आणि ७,८०० ची खोली यांत हातात येणाऱ्या बिलाचा फरक चारशेचा नसतो, दीड हजाराच्या घरात जातो. आणि एलटीए, म्हणजे पगारातला रजा-प्रवास भत्ता, या सहलीत बसवायच्या भानगडीत पडू नका. ती रजेवर केलेल्या प्रवासाची सवलत आहे, तीही फक्त प्रवासभाड्यापुरती, आणि नव्या करप्रणालीत ती नाहीच.

कामाच्या दोन दिवसांत फिरण्याचा हट्ट धरला नाही. दिवसभर मीटिंग झाल्यावर डोकं उरत नाही. संध्याकाळी एकच छोटी गोष्ट करायची, एवढं ठरवलं होतं. गुरुवारी डोंबिवलीच्या मावशीला दादरला बोलावलं. "मुंबईत येऊन घरी येणार नसशील तर मीच येते," असं तिने आधीच बजावलं होतं. बीकेसीतून दादर आता भुयारी मेट्रोने काही मिनिटांवर आलं आहे. ॲक्वा लाइन ऑक्टोबर २०२५ पासून थेट कफ परेडपर्यंत धावते. विमानाने येणाऱ्यांसाठी विमानतळाची दोन्ही टर्मिनलं याच मार्गावर आहेत, त्यामुळे टॅक्सीच्या रांगेत उभं राहण्याची गरज उरलेली नाही. तिकीट खाली उतरण्याआधीच फोनवर काढून ठेवा, जमिनीखाली रेंजचा भरवसा नाही. दादर पश्चिमेला प्रकाशमध्ये साबुदाणा वडा आणि पियूष घेतलं. मावशीने पियूषचा दुसरा ग्लास मागवला आणि मला म्हणाली, "तुझ्या कंपनीच्या पैशाने नाही ना? मग घे तूही."

शुक्रवारी काम संपल्यावर बीकेसीचं हॉटेल सोडलं आणि फोर्टात साध्या लॉजवर गेले. हे नक्की करा. बीकेसी शनिवार-रविवारी ओस पडतं, तिथे राहून आपल्याला काही उपयोग नाही. फोर्टातून मात्र सीएसएमटी, म्युझियम, गेटवे सगळं पायी. एक सूचना: रिक्षा वांद्रे-सायनच्या पुढे दक्षिणेला जात नाहीत, तिकडे काळी-पिवळी टॅक्सीच. आणि मोठी बॅग घेऊन संध्याकाळच्या लोकलमध्ये चढण्याचं धाडस करू नका, बायकांच्या डब्यातही कुणी दयामाया दाखवत नाही.

शनिवारी घारापुरी. ही लेणी सोमवारी बंद असतात, म्हणून ती आधी उरकली. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानालाही सोमवारचीच सुट्टी, तेव्हा तिथल्या कान्हेरी लेण्यांचा विचार असेल तर तोही शनिवारीच करा. गेटवेहून सकाळच्या पहिल्या बोटींपैकी एक धरा. तासाभराचा प्रवास आहे. थंडीत बोटीमागे कुरवांचा थवा लागतो आणि लोक त्यांना कुरकुरे भरवत असतात, आपण भरवू नये. धक्क्यावर उतरल्यावर छोटी गाडी आहे, पण चालत गेलं तरी चालतं. पुढे शंभराहून जास्त पायऱ्या आहेत, दोन्ही बाजूंना दुकानं. गुडघे दुखणाऱ्यांसाठी डोलीवाले असतात, भाव आधी ठरवा. हातात खाण्याची पिशवी दिसली की माकड ती घेणारच.

मुख्य लेण्यात शिरल्यावर सगळे थेट सदाशिवाकडे धावतात, सेल्फी घेतात आणि मागे फिरतात. वीस फुटांच्या आसपास उंचीची ती मूर्ती समोरून बघून झाली की जरा डावीकडे-उजवीकडे वेळ द्या. तिच्या एका बाजूला अर्धनारीश्वर आहे, दुसऱ्या बाजूला गंगा झेलणारा शिव. माझी लेक अर्धनारीश्वरासमोर बराच वेळ उभी होती. एका बाजूचा खांदा आणि दुसऱ्या बाजूची कंबर एकाच दगडात कशी जुळवली असेल, हे ती बोटाने हवेत रेखून बघत होती. जागतिक वारशाच्या यादीत हे ठिकाण १९८७ पासून आहे, पण बेटावर समुद्राखालच्या केबलने वीज पोचली ती २०१८ मध्ये. ही ओळ वाचून झाली की खालच्या गावातल्या दुकानदाराशी घासाघीस करताना हात जरा आखडता घ्या.

दुपारी परत येऊन छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय बघता येतं, गेटवेपासून चालत दहा मिनिटांवर आहे. आम्ही थकलो होतो, बाहेरूनच घुमट बघितला.

रविवारी दुपारी मांडव्याला, म्हणजे अलिबागच्या बाजूच्या बोटीच्या धक्क्याला, निघालो. मार्ग तीन आहेत. गेटवेहून कॅटामरान किंवा लाँच, भाऊच्या धक्क्याहून रो-रो, किंवा गाडीने अटल सेतूवरून. गाडी नसेल तर गेटवेच बरा. काही कंपन्यांच्या बोटीच्या तिकिटातच मांडवा ते अलिबाग बस धरलेली असते, ते तिकीट काढताना विचारा. ही बस साधारण वीस किलोमीटर जाते. पावसाळ्यात गेटवेच्या या बोटी बंद असतात, तेव्हा रो-रोवर विसंबावं लागतं, तीही हवामान बघून. रो-रोला तास लागतो आणि तिच्यात गाडी चढवता येते. अटल सेतू २१.८ किलोमीटरचा आहे, मोटारीला एका बाजूचा टोल २५० रुपये. सेतू संपल्यावर मात्र पेण-वडखळ आहेच, आणि वडखळला अडकलेला माणूस सेतूवर वाचवलेली मिनिटं विसरतो.

मांडव्याला उतरलो तर समोर परतणाऱ्यांची रांग जेट्टीच्या तोंडाशी वळसा घालून मागे गेलेली. उन्हाने लाल झालेली तोंडं, कडेवर झोपलेली पोरं. आमच्या बोटीत मागची चार बाकं रिकामी होती.

आता रिसॉर्ट. नाव सांगत नाही, कारण तक्रारही आहे आणि कौतुकही. फोटोत तलाव दिसतो, पण त्याच तलावावर डे-पिकनिकवाल्यांना सोडतात का, हे फोटोत दिसत नाही. हे फोनवर स्पष्ट विचारा. आम्ही पोचलो तेव्हा कुठल्या तरी ऑफिसची पिकनिक शेवटच्या गाण्यावर होती. स्पीकर संध्याकाळी सहाला बंद झाला आणि मग सोमवारपासून आम्ही आणि आणखी दोन कुटुंबं, एवढेच. चेक-इन दुपारी किती वाजता, चेक-आउट सकाळी किती वाजता, तेही विचारा. काही ठिकाणी दुपारी दोनला खोली देतात आणि सकाळी दहाला बाहेर काढतात, म्हणजे पूर्ण दिवसाचे पैसे घेऊन वीस तास देतात. सोमवार-मंगळवारचा दर वेगळा मागा. फलकावर लिहिलेला नसतो, मागितला तर मिळतो. लेकरू सोबत असेल तर जादा गादीचे पैसे आधी ठरवा.

रिसॉर्टचा सोस नसेल तर नागाव-अक्षीकडे नारळी-पोफळीच्या वाड्यांतली घरगुती राहण्याची सोय जास्त चांगली. जेवण सकाळीच सांगावं लागतं: किती माणसं, मासे की शाकाहारी, मोदक हवेत का. बाजारात जे आलं असेल तेच ताटात येतं. आम्ही एक दुपार अशा घरी जेवलो. सुरमईची तुकडी, सोलकढी आणि तांदळाची भाकरी. विदर्भातल्या जिभेला रश्शात तिखट कमीच लागलं, पण नवऱ्याने तिसरी भाकरी मागितली त्यावरून काय ते समजा.

कुलाबा किल्ल्याचं मात्र नीट गणित करूनच जा. तो अलिबागच्या किनाऱ्यासमोर पाण्यात आहे आणि ओहोटीला चालत जाता येतं. भरतीची वेळ काढायची किनाऱ्यावरची जुनी रीत अशी: तिथीला पाऊणने गुणा. चतुर्थीला चार पाऊणे तीन, म्हणजे तीनच्या सुमारास भरती. ओहोटी त्यानंतर सहा तासांनी. आम्ही गेलो ती द्वादशी होती. बारा पाऊणे नऊ, म्हणजे सकाळी नऊला भरती आणि दुपारी तीनच्या सुमारास ओहोटी. हिशेब पहाटेसाठी आणि दुपारनंतरसाठी सारखाच चालतो, पण अर्धा-पाऊण तास इकडे-तिकडे होतो, म्हणून फोनवर भरती-ओहोटीचं कोष्टकही बघा. ओहोटीच्या तासभर आधी निघायचं आणि ती उलटली की तासाभरात परतायचं. दुसऱ्या दिवशी वेळ पन्नासेक मिनिटांनी पुढे सरकते, त्यामुळे कालच्या माणसाने सांगितलेली वेळ आज उपयोगाची नाही. अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे कमी जोराची भरती-ओहोटी असते, तेव्हा पाणी पुरतं हटत नाही आणि पोटऱ्यांपर्यंत भिजावं लागतं. उशीर झाला तर धाडस न करता घोडागाडी करा, किंवा सरळ उद्या या.

किल्ल्याची तटबंदी जवळून बघा. मोठमोठे दगड चुना न भरता नुसते एकावर एक रचले आहेत. लाट आली की पाणी फटींतून आत शिरतं आणि तिचा जोर मोडतो. खालच्या दगडांना कालवं चिकटलेली, हात लावला तर कापतात. शिवाजी महाराजांनी १६८० मध्ये याचं काम हाती घेतलं आणि पुढे कान्होजी आंग्र्यांच्या आरमाराचं हे मोठं ठाणं झालं. आत राघोजी आंग्र्यांच्या काळातलं सिद्धिविनायकाचं मंदिर आहे आणि चहूबाजूंनी खारं पाणी असताना गोड्या पाण्याची विहीरही. पिण्याचं पाणी तरी सोबत न्या. सावली अशी तटाच्या आडोशालाच.

गावात येताना दोन थांबे. एक चुंबकीय वेधशाळा, बाहेरूनच. मुंबईत ट्राम विजेवर चालवायचं ठरलं तेव्हा कुलाब्याच्या वेधशाळेतल्या चुंबकीय नोंदी बिघडतील म्हणून १९०४ मध्ये ती इकडे आणली. दुसरा थांबा अक्षीचा शिलालेख, शके ९३४ चा समजला जातो आणि मराठीतल्या सर्वांत जुन्या शिलालेखांत मोडतो. येताना पांढऱ्या कांद्याची माळ घ्या. २०२२ मध्ये त्याला भौगोलिक मानांकन मिळालं. फेब्रुवारीत नवा माल नुकताच यायला लागतो, भाव तेव्हा चढा असतो. कांदा लहान, चपटा आणि चवीला गोडसर असतो. अलिबागच्या नावाखाली दुसरा पांढरा कांदाही विकला जातो, तेव्हा माळ पातीने विणलेली आहे ना ते बघा.

लॅपटॉप सुट्टीत नेऊ नका. मी तो बीकेसीतल्या आमच्या शाखेत कुलपात ठेवला आणि कुरिअरने नागपूरला मागवला. सोमवारी साहेबांचा फोन आला, "एक फाइल फक्त बघून देशील?" मी म्हटलं, "सर, लॅपटॉप मुंबईत आहे, मी समुद्रापलीकडे." खरंच होतं ते. फाइल बुधवारपर्यंत थांबली.

परत येताना मंगळवारी संध्याकाळची रो-रो धरली. गाडी नसली तरी रो-रोत बसता येतं, आणि भाऊच्या धक्क्याहून सीएसएमटी टॅक्सीने जवळ पडतं, गेटवेचा वळसा वाचतो. नागपूरकडे जाणारी दुरांतो मध्यरात्र उलटल्यावर सुटते. म्हणजे मंगळवारी रात्री निघायचं असेल तर तिकीट बुधवारच्या तारखेचं काढायचं. दर महिन्याला कुणीतरी आदल्या तारखेचं तिकीट हातात घेऊन फलाटावर उभा असतो. आरक्षण ६० दिवस आधी उघडतं, आणि ऑफिसच्या कामाची तारीख तोवर ठरलेली नसतेच. त्यामुळे परतीचं तिकीट आपल्या पैशाने आधी काढून ठेवा, काम पुढे गेलं तर रद्द करता येतं. रद्द करण्याचा खर्च ऑफिस देत नाही, हे गृहीत धरा.