जळगावात मुलांना घेऊन जायचं तरी कुठे?

सुट्टी लागली की आमच्या ग्रुपवर हाच प्रश्न आणि उत्तर ठरलेलं, मॉल नाहीतर गेम झोन. अहो पण आपल्या खान्देशात काय कमी आहे का!

माझी पहिली पसंती पाटणादेवी. चाळीसगावजवळ, गौताळ्याचं जंगल, पावसाळ्यात धबधबे, आणि तिथल्या देवळात साधारण ८०० वर्षं जुना शिलालेख आहे ज्यात लिहिलंय की भास्कराचार्यांच्या नातवाने, चांगदेवाने, आजोबांचे ग्रंथ शिकवायला इथे मठ काढला. म्हणजे गणिताचा क्लासच की हो! गणिताला घाबरणाऱ्या पोराला तर नक्की न्या. फक्त पावसात दगड निसरडे असतात, लहानग्यांचा हात सोडू नका.

लांब जायचं नसेल तर जैन हिल्सवरचं गांधी तीर्थ, म्हणजे गांधीजींवरचं संग्रहालय, कानाला हेडफोन लावून मुलं तिथली माहिती निवांत ऐकत फिरतात. संध्याकाळी मेहरूण तलाव.

क्लासचं म्हणाल तर स्विमिंग असो की तबला, आधी एक दिवस बसून बघा, एका सरांकडे किती मुलं आहेत ते मोजा, मगच फी भरा. आणि उन्हाळ्यात सगळं सकाळी दहाच्या आत, आपलं ऊन माहितीये ना.

धुळे-नंदुरबारवाल्यांनो, तुमच्याकडच्या जागा पण सांगा, मला पुढच्या सुट्टीत यायचंय.