घरकोंबडीचं बीए

परवा मावशीकडे गेले होते तर धाकटी मावसबहीण लॅपटॉप मांडीवर घेऊन सीयूईटीचा, म्हणजे केंद्रीय विद्यापीठांच्या प्रवेश परीक्षेचा, फॉर्म भरत बसलेली. विषय निवडता निवडता मध्येच मान वर करून म्हणाली, "ताई, तुला तर दिल्ली मिळाली होती ना, मग का नाही गेलीस?" मी सवयीने म्हटलं, अगं पैसे. तिने नुसतं "हं" केलं आणि परत फॉर्ममध्ये घुसली. ते "हं" ऐकून कळलं की तिला काही पटलेलं नाही, आणि घरी येताना बसमध्ये बसल्या बसल्या लक्षात आलं की मलाही ते उत्तर हल्ली जरा पाणी घातल्यासारखंच वाटतंय. गेली तीन-चार वर्षं सगळ्यांना तेच ऐकवतेय ना.

तर गोष्ट २०२२ ची. दिल्ली युनिव्हर्सिटीत बीएला जायचं तर आधी बारावीच्या मार्कांची कटऑफ लागायची, ती त्या वर्षी गेली आणि सीयूईटी आली, म्हणजे आमची बॅच पहिलीच. बारावीचा निकाल ८ जूनला लागला. बाबा म्हणाले दिल्लीचं दिल्लीत, आधी इथली एक सीट हातात ठेव. म्हणून पुण्यातल्या एका कॉलेजात बीएला नाव घातलं, अनुदानित तुकडी, वर्षाची फी आमच्या घरच्या दोन महिन्यांच्या किराण्याएवढी. मनात हेच की तात्पुरतं आहे. इतकं तात्पुरतं की पहिले दोन महिने मी तिथे ओळखीसुद्धा करून घेतल्या नाहीत, मागच्या बाकावर बसायचं आणि घरी यायचं, काय फुकटचा रुबाब होता देव जाणे.

इकडे परीक्षा जुलै-ऑगस्टमध्ये झाली आणि दिल्लीची पहिली यादी लागली थेट १९ ऑक्टोबरला. दिवाळी २४ ला. आई चकलीची उकड मळत होती, मी सोऱ्याला तेल लावत होते, तेवढ्यात फोन वाजला आणि तेलकट बोटांनी तो अनलॉकच होईना. शेवटी नाकाने उघडला. हो, नाकाने. हिस्ट्री ऑनर्स, नॉर्थ कॅम्पस. होकार कळवायला दोन-तीन दिवस आणि २ नोव्हेंबरला कॉलेज सुरू.

रात्री बाबांनी एका लग्नपत्रिकेच्या मागच्या कोऱ्या बाजूवर हिशेब मांडला. आमच्याकडे सगळे मोठे हिशेब लग्नपत्रिकांवरच होतात, कागद जाड असतो म्हणे. कॅम्पसजवळच्या पीजीवालीने फोनवर १४ हजार सांगितले होते, दोन वेळचं जेवण धरून, दोघींत एक खोली. त्याला गुणिले दहा, त्यात डिपॉझिट, त्यात वर्षातून दोनदा येणं-जाणं, फी, पुस्तकं, आणि थंडीचे कपडे, कारण आमच्या घरात स्वेटर म्हणजे सिंहगडावर जाताना घालायचा तो एक. बाबा नऱ्ह्यातल्या एका वर्कशॉपमध्ये कामाला आहेत, आकडा बघून त्यांचा चेहरा काही हलला नाही, ते एवढंच म्हणाले, जमवू. आणि झोपायला गेले. पत्रिका टेबलावरच राहिली, ती मी उचलली तर खाली कोपऱ्यात अगदी बारीक अक्षरात एकच शब्द लिहिलेला. पतसंस्था.

आता इथपर्यंतची गोष्ट मी सगळ्यांना सांगते, आणि ऐकणारा म्हणतो वा, केवढी समजूतदार मुलगी. पण तो शब्द वाचल्यावर मला सगळ्यात आधी काय वाटलं माहितीये? सुटले. वाईट वगैरे नंतर वाटलं, आधी सुटकाच. कारण त्याआधीच्या दोन रात्री मी त्या कॅम्पसचे व्हिडिओ बघत पांघरुणात जागी होते, त्यातल्या मुली काय फाडफाड इंग्रजी बोलत होत्या, आणि मी दहावीपर्यंत मराठी मिडियम, हिंदी म्हणाल तर "मेरेको" च्या पुढे सरकत नाही, आणि एकटीने आजवर केलेला सगळ्यात लांबचा प्रवास म्हणजे स्वारगेट ते सातारा. मला जायची भीती वाटत होती आणि ते कबूल करायला लाज. पतसंस्थेने दोन्हीची सोय करून दिली. सकाळी मी म्हटलं, बाबा नको, इथेच करते. बाबा काहीच बोलले नाहीत, आई म्हणाली बघ हं, नंतर आम्हाला बोल लावू नकोस. काकू मात्र दिवाळीच्या फराळाला आली ती "शेवटी घरकोंबडीच निघाली की" असं म्हणून आणि वर चकली फार छान झालीये म्हणून गेली.

माझा मामेभाऊ कॅलिफोर्नियात असतो, तो साधारण त्याच सुमाराला तिथल्या कम्युनिटी कॉलेजला लागला, घरापासून गाडीने पंधरा मिनिटं. मामी इथल्या नातेवाइकांना फोनवर नुसतं "कॉलेजला जातोय" एवढंच सांगायची, पुढचं नाव गिळून टाकायची, म्हणजे तिकडेही लोक काय म्हणतील आहेच, विमानाने गेलं तरी ते बरोबरच जातं. पण त्याच्याकडून कळलं ते भारी होतं. त्या राज्यात राहणाऱ्यांना तिथे फी युनिटला, म्हणजे एका क्रेडिटला, ४६ डॉलर, दोन वर्षांची साधारण ६० युनिटं, म्हणजे २७६० डॉलरमध्ये अर्धी डिग्री. आणि नंतर तिसऱ्या वर्षाला मोठ्या युनिव्हर्सिटीत बदली. कुठला विषय कुठे धरला जाणार ते आधीच ठरलेलं असतं, युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाच्या सहा कॅम्पसशी तर लेखी हमीच घेता येते की एवढे ग्रेड आणलेस तर जागा पक्की (बर्कली आणि लॉस एंजेलिस त्यात नाहीत, ते नखरे करणारच). सर्टिफिकेटवर शेवटी नाव येतं ते मोठ्या युनिव्हर्सिटीचंच. हे ऐकून मला जाम हेवा वाटला. आपल्याकडे एका कॉलेजात मिळवलेली क्रेडिटं दुसरीकडे नेता यावीत म्हणून क्रेडिट बँक २०२१ पासून आहे, माझंही खातं आहे, पण ते वापरून पुण्यातून उठून दुसऱ्या वर्षाला दिल्लीत जाऊन बसलेलं माझ्या ओळखीत तरी कुणी नाही. इथे घराजवळचं घेतलं की तेच घेतलं.

आणि घरी राहून शिकणं फुकट पडतं असं ज्यांना वाटतं त्यांनी आमच्याकडे आठवडाभर राहायला यावं. "तू आहेसच ना घरी" हे वाक्य मी तीन वर्षांत किती वेळा ऐकलं असेल. सिलेंडरवाला येणारे, तू आहेसच ना. आजीच्या बीपीच्या गोळ्या, तू येतेसच ना त्या रस्त्याने. परीक्षेच्या आदल्या दिवशी सोलापूरहून पाहुणे, कारण मी काय हॉस्टेलवर थोडीच आहे. दोन खोल्यांच्या घरात रात्री साडेसात ते दहा आजीच्या मालिका, सबब मी अशोकाचे शिलालेख आणि कुणाचा तरी तुटलेला साखरपुडा एकदमच पाठ केलाय. त्यात सिंहगड रोडवर तेव्हा उड्डाणपुलाचं काम चालू, धायरीहून निघालेली बस राजाराम पुलाशी येईपर्यंत माझं वहीतलं एक प्रकरण वाचून व्हायचं, उभ्याने.

माझी कॉलेजातली पहिली मैत्रीण बीडची निघाली. नारायण पेठेत कॉट बेसिसवर राहायची, एका खोलीत पाच जणी, कॉटखाली पत्र्याची पेटी आणि उशाशी स्पर्धा परीक्षेची पुस्तकं. मी एकदा तिच्यापाशी दिल्लीचं रडगाणं गात होते की बाहेर पडले असते तर असं आणि तसं, तर ती शांतपणे म्हणाली, "अगं पण मी बाहेरच पडलेय की. माझी दिल्ली हीच." मग म्हणाली रविवारी संध्याकाळी मेस बंद असते, तुझ्याकडे आलं तर चालेल का. मी गप्प. मी जिथून जाता येत नाही म्हणून कुढत होते तिथे पोचायला तिच्या वडलांनी बैल विकले होते. ती तेव्हापासून महिन्यातून एक-दोन रविवार आमच्याकडे जेवायला यायला लागली आणि माझी आई तिला माझ्यापेक्षा जास्त वाढते, हा वेगळाच विषय आहे.

मग दुसऱ्या वर्षी मोडी आली, जुन्या मराठी कागदांची लिपी. आली म्हणजे काय, वर्गात सरांनी सहज एक झेरॉक्स फिरवली, म्हणाले वाचून दाखवा. सगळं अक्षर गोल गोल, एकात एक अडकलेलं, शब्दांमध्ये जागाच नाही. वर एक लांबच लांब रेघ, कारण मोडीत आधी अख्खी रेघ मारून घेतात आणि मग अक्षरं तिला टांगतात, बोरू शक्यतो न उचलता. ऱ्हस्व-दीर्घाचा तर पत्ताच नाही, शुद्धलेखनात मार्क गमावलेल्या माझ्यासारखीला पहिल्यांदा बरं वाटलं. मी शनिवार-रविवारचा मोडीचा वर्ग लावला, सदाशिव पेठेत.

सहा महिने काहीच कळत नव्हतं. तारखेलाच दोन आठवडे गेले. त्या कागदांवर इसवी सन नसतो, सुहूर सन असतो आणि तो अरबी आकड्यांच्या शब्दांत, तेही उलटे, एकक आधी. "इहिदे सितैन मया व अलफ", म्हणजे एक, साठ, शंभर आणि हजार, ११६१. त्यात ५९९ मिळवायचे, आणि कागद जानेवारी ते मेच्या आसपासचा असेल तर ६००. मिळवा आणि बघा, १७६१. जानेवारी. पानिपत. मला बसमध्ये उभ्या उभ्या हा हिशेब सुटला आणि मी शेजारच्या बाईंना सांगायच्या बेतात होते, त्यांच्या हातात कोथिंबिरीची जुडी होती आणि चेहरा असा की नाहीच सांगितलं.

आणि मग एक दिवस सरावाला आलेल्या कागदात, कसल्यातरी धान्याच्या हिशेबात, पहिल्या ओळीत मी स्वतःचं स्वतः न अडखळता वाचलं. मौजे. पुढे धा. पुढे य. धायरी. आमची धायरी! जिथे आत्ता डी-मार्टला जायला वीस मिनिटं ट्रॅफिकमध्ये बसावं लागतं त्या धायरीत कुणाकडे तरी किती बाजरी निघत होती ते कुणीतरी बसून लिहून ठेवलेलं. माझ्या अंगावर काटा आला, खोटं नाही सांगत.

नंतर वर्गातर्फे पेशवे दफ्तर, म्हणजे पेशवाईतल्या कागदांचा सरकारी संग्रह, बघायला गेलो. कौन्सिल हॉलजवळची १८९१ ची दगडी इमारत, तिच्यासमोरून मी लहानपणापासून असंख्य वेळा गेले असेन पण ते काय आहे हे विचारावंसंही कधी वाटलं नव्हतं. आत रॅकवर रॅक आणि त्यावर कापडात बांधलेली कागदांची गाठोडी, त्यांना रुमाल म्हणतात, हजारोंनी. इतिहासकार गो. स. सरदेसायांनी यातले निवडक कागद १९३० नंतरच्या चारेक वर्षांत ४५ खंडांत छापले, आणि ते निवडक. बाकीचे अजून कुणीतरी वाचायची वाट बघत पडलेत. आमच्याबरोबर एक मुलगा होता, तो पीएचडीसाठी दिल्लीहून आलेला. दिल्लीहून, इथे! मराठी त्याला जेमतेम, मोडी तर शून्यापासून, शनिवार पेठेत खोली घेऊन राहिलाय आणि घरमालकिणीकडून शिव्यांसकट मराठी शिकतोय. मी हसले, पण आतून जरा ओशाळले पण. (आजीची एक आवडती म्हण इथे चपखल बसते, कळशाची, पण ती तिने मला इतक्यांदा ऐकवलीये की मी लिहिणार नाहीये.)

म्हणजे मी नाही गेले ते बरंच झालं का? झालं, असं मी आता म्हणते. पण हे मला १९ ऑक्टोबरला माहीत नव्हतं हो, तेव्हा मी मोडीसाठी थांबले नव्हते, घाबरून थांबले होते. नंतर जे सापडलं त्याचं श्रेय आधीच्या निर्णयाला देणं हे जरा जास्तच झालं. आणि काही गोष्टी राहिल्याच. माझं इंग्रजी अजूनही सेमिनारमध्ये अडखळतं. एकटीने आजारी पडणं, एकटीने खोली शोधणं, पैसे संपल्यावर वीस तारखेपासून तीस तारखेपर्यंत कसं काढायचं, बीडच्या मैत्रिणीला हे सगळं येतं, मला यातलं काहीही येत नाही, मी तेविसाव्या वर्षाकडे चाललेय आणि माझा डबा अजून आई भरते.

ती पत्रिका माझ्याकडेच आहे. वरच्या अर्ध्या भागात बाबांचे आकडे आणि खाली उरलेल्या जागेत माझी पहिली मोडी बाराखडी, कागद खरंच जाड आहे, शाई अजिबात फुटली नाही.

तर काल मावसबहिणीला फोन केला. म्हटलं त्या दिवशी मी अर्धंच सांगितलं, पैसे होतेच, पण मी टरकले पण होते. पलीकडे जरा वेळ शांतता. मग म्हणाली, "मला पण वाटतेय गं." मी म्हटलं वाटू दे, फॉर्म भर, यादी लागायला अजून वेळ आहे. आणि मावशीशी मी बोलते. ती म्हणाली ते ठीकेय पण आत्ता फोटो अपलोड होत नाहीये, साइज जास्त आहे म्हणतंय. म्हटलं पाठव इकडे. बारीक करून दिला.