सशाचे पुढे काय झाले?

लहान मुलांसाठी प्राण्यांची गोष्ट निवडताना मी सर्वांत आधी एकच पाहते, ते म्हणजे तिच्यात चुकणाऱ्या प्राण्याची शेवटी काय गत होते. शर्यत हरलेल्या सशाकडे कोणी पुन्हा वळून पाहते का, हट्टाने वाट चुकलेल्या पिल्लाला आधी जवळ घेतात की आधी बोल लावतात, खोटे बोललेल्या माकडाशी दुसऱ्या दिवशी कोणी खेळते का, या प्रश्नांना ज्या गोष्टीत जागा आहे ती मला मुलांपुढे ठेवावीशी वाटते. हल्ली पालक 'सौम्य' गोष्टी मागतात आणि ती मागणी रास्तच आहे. पण जिच्यात लांडगा नाही, जाळे नाही, भूक नाही आणि कोणाला काही लागत-खुपत नाही ती सौम्य गोष्ट, असा जो अर्थ त्या शब्दाचा घेतला जातो, तो मला मान्य नाही. संकट काढून टाकले की त्याच्याबरोबर गोष्टीतले शहाणपणही निघून जाते. सौम्यपणा हवा तो चुकलेल्याशी वागण्यात.

जुन्या प्राणिकथा मुळात इतक्या लहान वयासाठी नव्हत्याच, हे आपण विसरतो. राजा अमरशक्तीच्या तीन मंदबुद्धी मुलांना सहा महिन्यांत नीतिशास्त्रात तयार करण्याचा विडा विष्णुशर्म्याने उचलला, असे पंचतंत्राच्या प्रास्ताविकातच सांगितले आहे. ज्यांना पुढे राज्य करायचे आहे त्यांच्या चुकीची किंमत जिवाने मोजावी लागते, म्हणून त्या कथांमध्येही चुकीची शिक्षा बहुतेक वेळा मरण हीच असते. हंसांनी दोन टोकांना धरलेली काठी तोंडात पकडून आकाशातून जाणारे कंबुग्रीव कासव बोलण्यासाठी तोंड उघडते, खाली पडते आणि संपते. पंचतंत्राच्या 'मित्रभेद' या पहिल्या तंत्रात दमनक कोल्हा कान भरून सिंहाच्या हातून त्याच्याच मित्राला, संजीवक बैलाला, मारवतो आणि स्वतः मात्र मानाने राहतो. सहाव्या शतकात या कथा जुन्या इराणातल्या पहलवी भाषेत गेल्या आणि आठव्या शतकात इब्न अल्-मुकफ्फाने त्या अरबीत आणल्या, तेव्हा अरबी ग्रंथात दमनकाची, म्हणजे तिथल्या दिमनाची, चौकशी होऊन त्याला शिक्षा झाल्याचे एक प्रकरण आले, जे संस्कृतात नाही. पुढे त्या प्राण्याचे काय झाले, हा प्रश्न मोठ्यांनाही गप्प बसू देत नाही, हे त्या एका प्रकरणावरून दिसते.

अशा कथा चार-पाच वर्षांच्या मुलांपर्यंत आणताना सांगणारे दोन वाटांपैकी एक धरतात. एक तर ते सगळे दात आणि नख्या काढून टाकतात, किंवा शिक्षा तशीच ठेवून तिच्याखाली ठळक अक्षरांत तात्पर्य छापतात. मला या दोन्हींपेक्षा वेगळी वाट दाखवली ती हितोपदेशातल्या चित्रग्रीवाच्या कथेने. ती आपल्याला इतकी परिचित आहे की तिच्यात काय काय दडले आहे याकडे आपले लक्षच जात नाही.

पारध्याने रानात तांदूळ पसरून वर जाळे टाकलेले असते. कबुतरांचा राजा चित्रग्रीव शंका काढतो की या निर्जन रानात तांदळाचे दाणे आले कुठून. त्यावर थव्यातले एक कबुतर तोऱ्यात त्याचे म्हणणे खोडून काढते, त्याच्या शब्दावर सगळी कबुतरे खाली उतरतात आणि जाळ्यात अडकतात. सांगणारे बहुतेकजण इथून थेट 'मग सगळी एकदम उडाली' यावर येतात आणि एकीचे बळ सांगून मोकळे होतात. पण मधे एक प्रसंग आहे. अडकल्यावर बाकीची कबुतरे त्या एकावर तुटून पडतात आणि त्याला दूषणे देऊ लागतात. तेव्हा, ज्याचे ऐकले गेले नव्हते तोच चित्रग्रीव त्यांना थांबवतो. दोष त्याचा नाही, असे तो म्हणतो. संकटात गांगरून जाणे हे भित्र्याचे लक्षण आहे, आता धीर धरून उपाय शोधायला हवा, असे सांगतो आणि मग सगळ्यांनी एकदम उडण्याची युक्ती सुचवतो. ज्याच्यामुळे सगळी अडकली ते कबुतरही त्याच जाळ्यात, त्याच थव्यात, बाकीच्यांइतकाच जोर लावून उडते.

मी ही कथा सांगते तेव्हा या जागी मुद्दाम रेंगाळते. थवा जाळ्यासकट उडून चित्रग्रीवाच्या मित्राकडे, हिरण्यक उंदराकडे, जातो तो पुढचा भागही तितकाच मोलाचा आहे. संकटाच्या शंकेने त्याने शंभर दारांचे बीळ केलेले असते, थवा उतरल्याच्या आवाजाने तो घाबरून आत गप्प बसून राहतो आणि मित्राचा आवाज ओळखल्यावर धावत बाहेर येतो. तो चित्रग्रीवाचे पाश तोडू लागतो तेव्हा चित्रग्रीव म्हणतो, आधी माझ्या या सोबत्यांचे तोड. उंदीर म्हणतो, माझे दात नाजूक, माझी शक्ती थोडी, म्हणून आधी तुझे तोडतो, मग जमेल तितके त्यांचे. तरीही राजा आपले म्हणणे सोडत नाही. या 'सोबत्यां'मध्ये ते चुकलेले कबुतरही असते, हे मी कधीच स्पष्ट सांगत नाही. सात-आठ वर्षांच्या मुलांना ते आपोआप लक्षात येते, आणि एखादे मूल हळूच विचारते, "त्याचे पण आधी तोडले?" एवढे विचारून होईपर्यंत त्या मुलाला उत्तर मिळालेले असते आणि मी फक्त मान हलवते.

चुकलेल्याच्या वाट्याला काय येते, यावर माझा इतका भर असण्याचे कारण असे की मुले आपण आखून दिलेली बाजू घेत नाहीत. तत्त्वज्ञ रूसोने 1762 साली शिक्षणावरच्या आपल्या ग्रंथात प्राणिकथांवर हाच आक्षेप घेतला होता. गाणाऱ्या कावळ्याच्या चोचीतला घास कोल्हा खुशामत करून पळवतो, त्यातून मुलाने खुशामतीपासून सावध राहायला शिकावे अशी आपली अपेक्षा असते. मूल मात्र कावळ्याला हसते आणि कोल्ह्यावर खूश होते. मुंगी आणि नाकतोड्याच्या गोष्टीतून मूल कष्टाळूपणाऐवजी दारात आलेल्याला नकार देणे आणि वर टोमणा मारणे शिकते, असेही त्याने म्हटले आहे. मुलांना प्राणिकथा देऊच नयेत, हा त्याचा निष्कर्ष मला पटत नाही, पण निरीक्षण अचूक आहे. गोष्टीत हरलेल्याची फजिती होत असेल तर मूल जिंकणाऱ्याच्या पंगतीला जाऊन बसणारच. त्याने दुसऱ्या बाजूलाही थोडा वेळ बसावे असे वाटत असेल, तर त्या बाजूला बसण्यासारखे काही ठेवणे ही सांगणाऱ्याची जबाबदारी आहे.

या बाबतीत 2014 साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग मला फार बोलका वाटतो. तीन ते सात वर्षांच्या मुलांना एकटे असताना खेळण्याकडे चोरून पाहण्याचा मोह होईल अशा जागी ठेवले, मग एक गोष्ट वाचून दाखवली आणि त्यानंतर, तू पाहिलेस का, असे विचारले. लांडगा आल्याची खोटी हाक देणाऱ्या मुलाची गोष्ट ऐकलेल्यांमध्ये खरे बोलण्याचे प्रमाण वाढले नाही, आणि खोटे बोलल्यावर नाक लांबत जाणाऱ्या लाकडी बाहुल्याच्या गोष्टीनेही वाढले नाही. झाड तोडल्याचे कबूल करणाऱ्या आणि त्याबद्दल वडिलांची शाबासकी मिळवणाऱ्या मुलाच्या गोष्टीने मात्र ते वाढले. त्याच गोष्टीचा शेवट बदलून खोट्याच्या वाईट परिणामावर भर दिला तेव्हा तो गुण नाहीसा झाला. शिक्षेची गोष्ट मूल ऐकून घेते, पण चूक मान्य केल्यावर आपल्याला जवळ घेतले जाईल हा भरवसा ज्या गोष्टीत असतो, ती गोष्ट त्याच्या वागण्यापर्यंत पोहोचते, असा मी त्याचा अर्थ लावते.

आणखी एका प्रयोगाकडे प्राणिकथांवर प्रेम करणाऱ्यांनी डोळेझाक करू नये. टोरोंटोमधल्या संशोधकांनी 2017 साली तो प्रसिद्ध केला. वाटून घेण्याची एकच गोष्ट चार ते सहा वर्षांच्या काही मुलांना माणसांच्या चित्रांसह आणि काहींना कपडे घातलेल्या, माणसांसारखे वागणाऱ्या रॅकूनसारख्या (रॅकून हा उत्तर अमेरिकेतला एक छोटा रानप्राणी) प्राण्यांच्या चित्रांसह वाचून दाखवली. माणसांची गोष्ट ऐकलेल्या मुलांनी नंतर आपले स्टिकर दुसऱ्यांसाठी जास्त ठेवले; प्राण्यांची गोष्ट ऐकलेल्यांच्या बाबतीत तसे झाले नाही. त्या प्राण्यांना जी मुले माणसांसारखे मानत होती, त्यांचे वाटून देण्याचे प्रमाण मात्र जास्त होते. माझ्या मते यात दोष प्राण्यांचा नसून मुखवट्याचा आहे. माणसाच्या घरातला, माणसाच्या टेबलाशी बसलेला आणि आईने सांगितलेले ऐकणारा रॅकून हा रॅकून नसतोच. त्याच्या जागी मूल किंवा बाहुली ठेवली तरी गोष्टीचे काही बिघडत नाही, आणि ज्या गोष्टीत प्राणी बदलून चालतो तिला प्राण्याची गरजच नसते.

याउलट तहानलेल्या कावळ्याची गोष्ट पाहा. तिच्यात कावळ्याऐवजी गाय घालता येत नाही, कारण त्या गोष्टीचा सारा जीव चोचीत, खड्यात आणि हळूहळू वर येणाऱ्या पाण्यात आहे. 2009 साली इंग्लंडमधल्या संशोधकांनी कावळ्याच्याच कुळातल्या रूक पक्ष्यांपुढे पाण्याची नळी ठेवली, पाण्यावर एक अळी तरंगत ठेवली आणि जवळ खडे ठेवले. पक्ष्यांनी खडे टाकून पाणी वर आणले आणि अळी मिळवली. हे मुलांना सांगितले की गोष्ट खोटी ठरत नाही, उलट अधिकच खरी वाटू लागते. प्राणी प्राण्यासारखा वागला की मूल त्याच्याकडे कुतूहलाने पाहते, आणि कुतूहलाने पाहणारे मूल न्यायनिवाडा करायची घाई करत नाही. सौम्यपणाची सुरुवात मला तिथेच दिसते.

चिऊ-काऊच्या गोष्टीत तर सांगणाऱ्याला काहीच करावे लागत नाही. पावसात शेणाचे घर वाहून गेलेला कावळा दाराशी उभा आहे आणि आत चिऊताई बाळाला न्हाऊ घालते आहे, पुसते आहे, तीट लावते आहे, आणि दर वेळी 'थांब' म्हणते आहे. तिसऱ्या-चौथ्या 'थांब'ला ऐकणारे मूल चुळबुळ करू लागते आणि कधीकधी ओरडतेच, "अगं उघड ना!" दाराबाहेर भिजणाऱ्याची बाजू त्याने स्वतःहून घेतलेली असते. त्या क्षणी कोणी 'बघा, म्हणून नेहमी मदत करावी' असे म्हटले, तर मुलाच्या मनात उमटलेले आपण आपल्या हाताने पुसून टाकतो.

ससा-कासवाच्या गोष्टीतही मी कासव पोहोचल्यावर लगेच थांबत नाही. झोपलेल्या सशाला कोणी उठवले, असे विचारते आणि गप्प बसते. उत्तरे फार निरनिराळी येतात. कोणी म्हणते तो लाजून बिळात गेला, कोणी म्हणते तो रडला. एका पाच वर्षांच्या मुलीने सांगितले की कासव परत आले, पण त्याला यायला इतका वेळ लागला की तोवर संध्याकाळ झाली. कासवाचा संथपणा तिने शेवटपर्यंत सोडला नाही आणि सशाला एकटेही ठेवले नाही. इतका चांगला शेवट मला स्वतःला सुचला नसता. तात्पर्याची ओळ वाचून दाखवली असती तर तो तिलाही सुचला नसता.

ज्या कथांमध्ये परतीची वाटच नाही, त्या मात्र मी थोड्या मोठ्या वयासाठी राखून ठेवते. बाळाला सापापासून वाचवणाऱ्या मुंगसाचे तोंड रक्ताने माखलेले पाहून, त्यानेच बाळाला खाल्ले असे समजून, आई त्याच्यावर पाण्याची घागर घालते आणि मग तिला पाळण्यात हसणारे बाळ दिसते, ही पंचतंत्राच्या शेवटच्या तंत्रातली कथा नऊ-दहा वर्षांच्या आधी सांगू नये, असे मला वाटते. मुंगसाला जिवंत ठेवून, आईने त्याची क्षमा मागितली असा शेवट केलेल्या आवृत्त्या मी पाहिल्या आहेत. त्यामागचा हेतू चांगला असला तरी त्या मला पटत नाहीत. काही चुका भरून काढता येत नाहीत, हे त्या कथेचे सत्य आहे आणि ते तसेच राहू द्यायला हवे. कथा लहान मुलांसाठी जड असेल तर ती बदलण्यापेक्षा मूल मोठे होईपर्यंत थांबावे, आणि सांगाल तेव्हा ऐकून झाल्यावर त्याच्याजवळ थोडा वेळ बसावे, कारण या कथेनंतर मुले बराच वेळ काही बोलत नाहीत आणि मग एकदम आईबद्दल विचारू लागतात.