आजीच्या हिशोबाने

१२ ऑगस्ट, कोलकाता. रात्री साडेदहा.

दुपारी पाऊस उघडला तशी साउथ पार्क स्ट्रीटच्या जुन्या दफनभूमीत जाऊन आले. गेले होते भुतांच्या गोष्टींच्या ओढीने. परत आल्यापासून मात्र डोक्यात नुसती वयं फिरताहेत, म्हणून झोपायच्या आधी लिहून ठेवते.

ही जागा १७६७ साली उघडली. तेव्हा ती गावाबाहेर होती, आणि आज जिथे हॉटेलं आणि दुकानं ओसंडतात त्या पार्क स्ट्रीटचं नाव होतं ‘बरियल ग्राउंड रोड’, म्हणजे दफनभूमीचा रस्ता. भिंतीच्या आत पाऊल टाकलं की हॉर्नचे आवाज मंदावतात. सुमारे १६०० थडगी आहेत, पण आपल्या डोळ्यांसमोर येते तशी जमिनीलगतची एकही चटकन दिसत नाही. सगळी उंच. पिरॅमिड, घुमट्या, खांबांचे मंडप, आकाशात घुसलेले सुळके. मेलेल्यांनी बांधलेलं एक लहान शहरच. झाडी इतकी दाट की चार वाजताच तिन्हीसांजेसारखं वाटत होतं. चुन्याच्या गिलाव्यावर काळी बुरशी, भेगांतून नेचे, आणि दोन-तीन ठिकाणी पिंपळाची मुळं विटा धरून बसलेली.

सगळ्यात जास्त बोललं जातं ते डेनिसन कुटुंबाच्या थडग्याबद्दल. पावसाळ्यात त्यातून रक्तासारखं लाल पाणी झिरपतं, म्हणतात. फोटो काढताना पांढरी आकृती दिसल्याच्या, कुणाला एकाएकी घेरी आल्याच्याही गोष्टी आहेत. मी तिथे बराच वेळ उभी राहिले. मला जे दिसलं ते ओल आणि शेवाळ. इथलं बांधकाम विटांचं, वर चुना. इतके पावसाळे सोसून गिलावा सुटला की विटेचा लाल रंग पाण्याबरोबर उतरणारच, असं मला वाटतं. तरी अंगावर काटा आला, तो आलाच.

त्या पिंपळामुळे आजी आठवली. तिच्याकडे भुतांची अख्खी वंशावळ होती. मुंजा म्हणजे मुंज झाली पण लग्नाआधीच गेला तो, पिंपळावर राहणारा. अलवंतीण म्हणजे बाळंतपणात गेलेली. लहानपणी आम्ही नुसते घाबरायचो. आज त्या थडग्यांमध्ये उभं राहिल्यावर पहिल्यांदा लक्षात आलं की आपली ही भुतं म्हणजे वेळेआधी गेलेल्या माणसांची यादी आहे. म्हातारपणी, नातवंडं बघून गेलेल्याचं भूत आजीच्या गोष्टीत कधी आलंच नाही.

आणि इथे तर सगळेच वेळेआधी गेलेले. तेव्हा बंगालात आलेल्या गोऱ्या माणसाचं आयुष्य दोन पावसाळ्यांचं, असं म्हणायचेच. हिवताप, कॉलरा, हगवण, आणि उपाय म्हणून रक्त काढायचं. पाट्या वाचत गेले. विशीतली बायको, तिच्यासोबत तिचं बाळ. ईस्ट इंडिया कंपनीचा तरुण कारकून. पुढे पुढे मी मृत्यूचं साल वाचायचं सोडून दिलं, फक्त वय बघत होते.

रोझ एलमरची कबर वळणावळणाच्या खांबाची आहे. ती १८०० साली गेली, वीस वर्षांची असताना. लोक सांगतात अननस फार खाल्ले म्हणून, कॉलराच असावा. वॉल्टर सॅव्हेज लँडॉर हा कवी तिला वेल्समध्ये भेटला होता. तिच्या मृत्यूनंतर त्याने तिच्यावर लिहिलेली आठ ओळींची कविता आज तिथेच कोरलेली आहे. पाटी ओली होती. ओढणीने पुसून मी ती दोनदा वाचली.

सगळ्यात उंच सुळका विल्यम जोन्सचा. याच रस्त्यावर जिची वास्तू आहे ती एशियाटिक सोसायटी ही अभ्यासकांची संस्था त्याने १७८४ मध्ये स्थापन केली, इथे येऊन संस्कृत शिकला, आणि १७८९ साली शाकुंतल इंग्रजीत नेलं. तो गेला सत्तेचाळिसाव्या वर्षी. मी कॉलेजात शाकुंतल शिकले आहे. त्याच्यासमोर नकळत हात जोडले गेले. थोडं पुढे चार्ल्स स्टुअर्ट. हा सैन्यातला जनरल रोज गंगेत स्नान करायचा, म्हणून लोक त्याला ‘हिंदू स्टुअर्ट’ म्हणत. त्याचं थडगं चक्क देवळाच्या घाटाचं आहे. डेरोझिओही इथेच. हिंदू कॉलेजात मुलांना प्रश्न विचारायला शिकवलं म्हणून ज्याला नोकरी सोडावी लागली, तो १८३१ च्या डिसेंबरात कॉलऱ्याने गेला. वय बावीस.

पण आजीच्या हिशोबाने इथे खरोखर कुणी भटकत असेल, तर तो रॉबर्ट किड. नदीपलीकडच्या शिबपूरची वनस्पतिबाग १७८७ साली याने सुरू केली. मला माझ्या बागेतच पुरा, कसलेही विधी करू नका, असं त्याने मृत्युपत्रात लिहून ठेवलं होतं. १७९३ मध्ये तो गेला आणि त्याला इथे आणून पुरलं. एवढी साधी इच्छा होती, आणि तीही राहिली. रक्ताळणाऱ्या थडग्याची गोष्ट सगळे सांगतात, याची कुणीच कशी सांगत नाही याचं मला फार वाईट वाटतंय.

घरामागच्या पिंपळाजवळून जाताना आम्ही पळत सुटायचो, तेव्हा आजी रागवायची. “पळू नका गं असं. पोर आहे ते, त्याला वाईट वाटतं,” म्हणायची.

आज निघताना मी सावकाश चालत फाटकापर्यंत आले. पुन्हा पाऊस सुरू झाला होता.

उद्या शिबपूरला जाईन. किडची बाग बघायची आहे.