बिल्ल्यावरचा खांब बघायला

आज्ज्याचा टोपीवरचा बिल्ला मी रुमालात बांधून नेला होता. पितळेचा. ब्रासोने वर्षानुवर्षं घासून त्याच्या कडा गुळगुळीत झाल्यात. एकमेकींवर तिरक्या दोन व्हिकर्स मशीनगन, मधोमध उभा खंजीर. महार रेजिमेंट. आज्जा मध्य प्रदेशातल्या सागरच्या रेजिमेंट सेंटरला शिकून तयार झालेला. बिल्ला पुसताना दरवेळी सांगायचा, "ह्या खंजिराच्या जागी आधी आपला कोरेगावचा खांब होता, बरं का."

कोरेगाव भीमा पुण्यापासून तिसेक किलोमीटर. १ जानेवारीला आम्ही जातोच, पण त्या गर्दीत खांब नीट बघणं होत नाही. म्हणून यंदा बाबांना घेऊन मधल्याच एका वारी गेलो. वाघोलीच्या कोंडीत तासभर मोडला.

आवारात चारच माणसं होती. चौकोनी, वर निमुळता होत गेलेला दगडी स्तंभ. पायाचा दगड १८२१ सालचा. १ जानेवारी १८१८ ला पेशव्यांच्या फौजेशी झालेल्या लढाईची आठवण म्हणून कंपनी सरकारने तो आपल्या विजयासाठी उभारला, हे खरंच आहे. पण बाबा थेट नावांच्या पाटीपाशी गेले. कंपनीच्या पडलेल्या शिपायांची नावं. त्यातली बावीस 'नाक' ह्या अक्षरांनी संपतात. तेव्हा महारांच्या नावामागे 'नाक' लागायचं; ही आमची माणसं. ज्यांची सावलीही चालत नव्हती, त्यांची नावं बापाच्या नावासकट दगडात कोरलेली.

पुढे १८९० च्या दशकात इंग्रजांनीच महारांची भरती बंद केली, काही ठरावीक जातींनाच लढवय्या ठरवून. निवृत्त शिपाई गोपाळबाबा वलंगकरांनी त्याविरुद्ध अर्ज लिहिला. १९१७ साली १११ वी महार पलटण उभी राहिली आणि १९२१ मध्ये मोडलीही. बाबासाहेब इथे आले ते १ जानेवारी १९२७ ला. अखेर ऑक्टोबर १९४१ मध्ये बेळगावला महार रेजिमेंटची पहिली पलटण उभी राहिली आणि तिच्या बिल्ल्यावर हा खांब आला. माझ्या लेखी तो शोभेचा नव्हताच. आम्ही शिपाई होतो, हा बघा पुरावा, असं कपाळावर लावून फिरण्याची ती गोष्ट होती.

मशीनगनचं कारण सोपं आहे. १९४६ मध्ये ही मशीनगन रेजिमेंट झाली. स्वातंत्र्यानंतर खांब गेला, खंजीर आला. आता तिथे सगळ्या प्रांतांचे, सगळ्या जातींचे जवान आहेत, घोषवाक्य 'यश सिद्धी'. श्रीलंकेत १९८७ ला धारातीर्थी पडलेले परमवीर मेजर रामस्वामी परमेश्वरन याच रेजिमेंटचे. खंजीर त्या सगळ्यांचा आहे, तो मला मान्य आहे. तरी खांब गेल्याची हळहळ आज्ज्याला होती, ती मलाही आहे.

मी रुमाल सोडला. बाबांनी बिल्ला तळहातावर घेतला आणि पाटीवरची नावं हळूहळू मोठ्याने वाचायला लागले. 'नाक' आलं की जरा थांबायचे. मी बोटांवर मोजत होतो. बावीस भरली तेव्हा ऊन खांबाच्या पलीकडे गेलं होतं.