पर्सेफोनीच्या रिंगणात

स्ट्रासबुर्गला राहायला आल्यापासून जी रचना प्रत्यक्ष ऐकायची होती, ती संगीतकार यानिस झेनाकिसची ‘पर्सेफासा’ अखेर ऐकायला मिळाली. तीही मधोमध बसून! सहा तालवादक श्रोत्यांभोवती षट्कोनात उभे राहतात. कुठलीही खुर्ची पकडा, निम्मं संगीत पाठीमागून येतं.

पर्सेफासा म्हणजे ग्रीक पुराणातली पर्सेफोनी, धान्याची देवी डिमीटर हिची लेक. पाताळाचा राजा हेडीस तिला पळवून नेतो. आई तिला शोधत रानोमाळ हिंडते आणि पृथ्वीवर काही उगवेनासं होतं. शेवटी देवांचा राजा झ्यूस मध्ये पडतो आणि तिची सुटका होते. पण तिने पाताळात डाळिंबाचे दाणे खाल्लेले असतात, म्हणून दरवर्षी काही काळ तिला खाली परतावंच लागतं.

यातलं काहीच इथे कुणी सांगत नाही. गायन नाही, शब्द नाहीत. ढोल, धातू, तोंडाने फुंकायचे भोंगे आणि चक्क दगड. माझ्या डावीकडच्या वादकाने दोन गुळगुळीत गोटे उचलून एकमेकांवर वाजवले, तसे बाकीच्यांचेही गोटे वाजू लागले. सभागृहात खडखडाट पसरला. ऑर्थोडॉक्स मठांत प्रार्थनेची हाक द्यायला जी लाकडी फळी बडवतात, तीही इथे वाद्य म्हणून येते.

शेवटच्या भागात नाद फिरू लागतो. एकाचा ढोल थांबतो न थांबतो तोच शेजारचा घुमतो. अशी आवर्तनं एकावर एक चढत जातात, प्रत्येकाची लय वेगळी, आणि सगळ्यांची गती वाढतच जाते. तबला ऐकून वाढलेला माझा कान सम शोधत होता. सगळ्यांची मिळून एक सम नव्हतीच! मध्येच सगळं तुटतं, नि:शब्द होतं, की पुन्हा गरगर सुरू. पायाखालची जमीन सरकते म्हणजे काय, ते मला तिथे कळलं.

झेनाकिसचा जन्म १९२२चा, रुमानियातल्या ग्रीक घरातला. महायुद्धाच्या अखेरीस अथेन्सच्या रस्त्यांवरच्या लढाईत त्याचा डावा डोळा गेला. १९४७मध्ये तो पळून फ्रान्सला आला, वास्तुविशारद ल कॉर्ब्युझिएच्या कचेरीत नोकरीला लागला. मागे ग्रीसमध्ये त्याला मृत्युदंड ठोठावला गेला. थेट १९७४मध्ये त्याला मायदेशी पाऊल टाकता आलं. ‘पर्सेफासा’ १९६९ची, म्हणजे परतीची वाट बंद असतानाची. घरापासून तोडल्या गेलेल्या लेकीचं नाव त्याने उगाच निवडलं असेल, असं मला वाटत नाही. पहिला प्रयोग इराणमध्ये पर्सेपोलिसच्या भग्नावशेषांत झाला. वादक होते आमच्या स्ट्रासबुर्गचेच, ‘ले पेर्क्युसियाँ द स्ट्रासबुर्ग’.

याच मंडळींसाठी त्याने पुढे ‘प्लेयाड’ लिहिलं. प्लेयाड म्हणजे आपल्या कृत्तिका. तिथेही वादक सहाच, आणि त्यांच्यासाठी मुद्दाम घडवलेलं ‘सिक्सेन’ नावाचं धातूच्या पट्ट्यांचं वाद्य. सहाही सिक्सेन एकमेकांशी जाणूनबुजून किंचित बेसूर ठेवतात. ते कुठे लागलं की मी जाणारच. तुम्ही घरी ऐकणार असाल तर हेडफोन लावा, मोबाइलच्या स्पीकरवर यातलं काही हाती लागणार नाही.