पगाराची नोकरी सोडून स्थावर मालमत्तेत : तयारीची वर्षे आणि त्यानंतरचा काळ

हिंजवडीतील एका सॉफ्टवेअर कंपनीत मी सोळा वर्षे नोकरी केली आणि त्यातील शेवटची काही वर्षे प्रकल्प व्यवस्थापक म्हणून काम पाहिले. पगार चांगला होता, कामाचा कंटाळाही आलेला नव्हता. तरीही 2023 च्या सुरुवातीला मी राजीनामा दिला आणि घरे, दुकाने विकत घेऊन ती भाड्याने देणे किंवा दुरुस्त करून विकणे हा पूर्णवेळ व्यवसाय म्हणून स्वीकारला. माझ्या ओळखीतील अनेकजण याच उंबरठ्यावर उभे आहेत आणि त्यांचे बहुतेक प्रश्न ‘कुठे घ्यावे’ आणि ‘भाव किती वाढेल’ असे असतात. माझा अनुभव असा की खरा निर्णय त्याच्या बराच आधी, म्हणजे पगार चालू असतानाच्या काळात घडतो, कारण पगारासोबत आपल्याला जी पत मिळालेली असते तिची जाणीव आपल्याला फारशी नसते आणि राजीनामा मंजूर झाल्याच्या दिवशी ती संपते.

बँकेच्या दृष्टीने नोकरदार आणि व्यावसायिक हे दोन वेगळे प्राणी आहेत. नोकरदाराकडे तीन पगारपत्रके, फॉर्म 16 आणि सहा महिन्यांचे खातेउतारे असले की कर्जाचा विचार सुरू होतो. व्यावसायिकाकडे मात्र किमान दोन-तीन वर्षांची आयकर विवरणपत्रे मागितली जातात आणि त्यांत दिसणारा निव्वळ नफाच ग्राह्य धरला जातो. त्यामुळे नोकरी सोडल्यानंतरची पहिली दोन वर्षे नवे कर्ज जवळपास मिळणार नाही असे गृहीत धरूनच मी आखणी केली. राहत्या घराचे कर्ज मी नोकरीत असतानाच पूर्ण फेडले. मुदत विमा घेताना उत्पन्नाचा पुरावा द्यावा लागतो, म्हणून तोही आधीच घेतला. कंपनीचा सामूहिक आरोग्य विमा नोकरीबरोबरच संपतो आणि नव्या पॉलिसीत आधीपासूनच्या आजारांना प्रतीक्षाकाळ असतो, जो आताच्या नियमानुसार कमाल तीन वर्षांचा असू शकतो. माझ्या सासूबाईंना मधुमेह असल्यामुळे कुटुंबाची स्वतंत्र पॉलिसी मी राजीनाम्याच्या कितीतरी आधी सुरू केली, जेणेकरून तो काळ पगार चालू असतानाच सरावा. या गोष्टींत थरार काहीच नाही, पण ज्यांनी त्या पुढे ढकलल्या त्यांना पहिल्याच आजारपणात भांडवल मोडावे लागलेले मी पाहिले आहे.

येथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. माझे पती अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकवतात आणि त्यांच्या पगारातून घरखर्च भागतो. हा आधार नसता तर मी हा निर्णय पाच-सात वर्षे पुढे ढकलला असता. आम्ही दोघांनी बसून एका वहीत लिहून काढले होते की मुलाच्या शिक्षणाचे पैसे, भविष्य निर्वाह निधी आणि दीड वर्षाचा घरखर्च या तीन रकमांना व्यवसायासाठी हात लावायचा नाही. उपदान (ग्रॅच्युइटी) आणि म्युच्युअल फंडांतील माझा वाटा एवढेच भांडवल ठरले आणि त्या चौकटीत जे बसेल तेच घ्यायचे, असे पक्के झाले.

राजीनाम्यापूर्वीची दोन वर्षे मी शनिवार-रविवारी चिंचवड, रावेत, मोशी आणि तळेगाव या भागांत फिरले. या फिरण्यात सर्वाधिक उपयोग झाला तो नोंदणी व मुद्रांक विभागाच्या ई-सर्च सुविधेचा. एखाद्या इमारतीतील सदनिकेचा भाव एजंट जो सांगतो आणि त्याच इमारतीत प्रत्यक्ष नोंदला गेलेला व्यवहार कितीचा आहे, यांतील अंतर सूची क्रमांक दोन, म्हणजे ज्याला सगळे ‘इंडेक्स टू’ म्हणतात, तो पाहिल्यावर कळते. त्यात खरेदीदार, विक्रेता, क्षेत्रफळ, मोबदल्याची रक्कम, बाजारमूल्य आणि भरलेले मुद्रांक शुल्क एका पानावर असते. मी ठरावीक दहा-बारा इमारती निवडल्या आणि त्यांच्यातील अलीकडच्या नोंदींची वही ठेवली. काही महिन्यांनी मला भाव विचारावा लागेनासा झाला. समोरचा सांगत असलेला आकडा कितपत खरा आहे हे मी ऐकतानाच ओळखू लागले.

याच काळात मी एक दिशा पूर्णपणे सोडून दिली, ती म्हणजे गुंठ्यांचे प्लॉट. चाकण आणि तळेगावच्या आजूबाजूला शेतजमिनीचे एक-दोन गुंठ्यांचे तुकडे मोठ्या प्रमाणावर दाखवले जात होते. महाराष्ट्रात शेतजमीन घेण्यासाठी खरेदीदार शेतकरी असावा लागतो आणि तुकडेबंदीचा 1947 चा कायदा प्रमाणभूत क्षेत्रापेक्षा, म्हणजे त्या भागासाठी ठरवलेल्या किमान क्षेत्रापेक्षा, लहान तुकड्याच्या व्यवहाराला आडकाठी करतो. म्हणून असे प्लॉट विकताना अनेक खरेदीदारांची नावे एकाच सातबाऱ्यावर सामाईक चढवली जातात. कागदावर आपले नाव दिसते, पण आपला तुकडा नेमका कोणता आणि त्याच्या चतुःसीमा कोणत्या, हे सातबारा सांगत नाही. या कायद्यात अलीकडे शिथिलता आणली गेली आहे, तरीही ज्या जमिनीचा अकृषिक आदेश, मंजूर रेखांकन आणि स्वतंत्र मोजणी नकाशा नाही तिला मी आजही हात लावत नाही.

नोकरीत असतानाच 2022 च्या पावसाळ्यात मी चिंचवडला एक जुनी वन बीएचके सदनिका घेतली. भविष्यातील सगळ्या निर्णयांचे गणित मला या एका सदनिकेने शिकवले, म्हणून तिचे आकडे सविस्तर देते. किंमत 38 लाख होती. पिंपरी-चिंचवड हद्दीत मुद्रांक शुल्क उपकरांसह सात टक्के पडते, परंतु निवासी मालमत्ता केवळ स्त्रीच्या नावे असल्यास एक टक्का सवलत मिळते. त्यामुळे सहा टक्क्यांप्रमाणे 2 लाख 28 हजार शुल्क आणि 30 हजार नोंदणी फी भरली. रंगकाम, नळजोडण्या, वकिलाची फी आणि दलाली धरून एकूण खर्च सुमारे 42 लाखांवर गेला. भाडे ठरले दरमहा 13 हजार 500. वर्षातून एक महिना सदनिका रिकामी राहील असे धरले तर हाती येतात 1 लाख 48 हजार 500. त्यातून सोसायटीचा मेन्टेनन्स, मिळकतकर आणि किरकोळ दुरुस्ती वजा केली की उरतात साधारण 1 लाख 16 हजार, म्हणजे गुंतवलेल्या रकमेवर पावणेतीन टक्के आणि थोडे. गृहकर्जाचा दर त्या वेळी आठ टक्क्यांच्या पुढे सरकत होता. कर्ज काढून निवासी सदनिका घ्यायची आणि भाड्यातून हप्ता फेडायचा, हा जो सल्ला सर्रास दिला जातो, तो पुण्याच्या परिसरात या आकड्यांपुढे टिकत नाही. हप्ता आणि भाडे यांतील फरक दरमहा कोणीतरी भरावाच लागतो, आणि तो भरणारा असतो आपला पगार. पगार नसताना हे चक्र चालू ठेवणे अशक्य आहे.

मी ती सदनिका कर्जाशिवाय घेतली होती आणि आजही ती माझ्याकडे आहे, कारण तिच्यातून येणारे उत्पन्न लहान पण अखंड आहे. व्यवसायाचा पाया मात्र दुसऱ्या प्रकारच्या मालमत्तांवर उभारावा लागेल, हे मला राजीनाम्यापूर्वीच कळून चुकले होते.

राजीनामा आणि तीन महिन्यांचा नोटिस कालावधी यांबद्दल लिहिण्यासारखे फारसे नाही. सासूबाईंनी एकदाच विचारले, ‘‘जमेल ना ग?’’ मी वही दाखवली आणि त्यांनी ती खरोखर नीट वाचली.

पूर्णवेळ काम सुरू केल्यावर पहिली खरेदी केली ती रावेतमधील एका दुकानाची. वस्तीच्या मधोमध, वळणावरचे, तळमजल्यावरचे, आणि आत औषधांचे दुकान आधीपासून चालू असलेले. किंमत 45 लाख, मुद्रांक शुल्क सात टक्के, कारण स्त्रियांची सवलत दुकानांना लागू नाही. भाडे 24 हजार, म्हणजे एकूण खर्चावर वर्षाला सहा टक्क्यांच्या जवळ. आयकरात दुकानाचे भाडेही घरमिळकतीच्या उत्पन्नात मोजले जाते आणि मिळकतकर वजा जाता उरलेल्या रकमेवर 30 टक्के प्रमाणित वजावट मिळते. दुकानात जोखीम अशी की भाडेकरू गेला तर ते सहा-सहा महिने रिकामे राहू शकते. म्हणून मी दुकान पाहताना भिंतींपेक्षा समोरचा रस्ता जास्त पाहते: संध्याकाळी सात ते नऊ या वेळात किती माणसे पायी जातात, दुचाकी थांबवायला जागा आहे का, समोरच्या इमारतींत लोक राहायला आलेत की नुसत्या खिडक्या आहेत.

या व्यवसायातील सर्वांत मोलाचे शिक्षण मला बँकांच्या लिलावांतून मिळाले. कर्ज थकले की बँक 2002 च्या सरफेसी कायद्याखाली साठ दिवसांची मागणी नोटिस देते, नंतर ताबा घेते आणि वर्तमानपत्रांत जाहीर नोटिस देऊन मालमत्ता ई-लिलावात काढते. राखीव किमतीच्या, म्हणजे बँकेने ठरवलेल्या किमान किमतीच्या, साधारण दहा टक्के अनामत भरून बोली लावता येते. बोली आपली ठरली की त्याच दिवशी किंवा पुढच्या कामाच्या दिवशी एकूण पंचवीस टक्के आणि उरलेली रक्कम विक्री कायम झाल्यापासून पंधरा दिवसांत भरायची असते. बँक लेखी मुदतवाढ देऊ शकते, पण तिच्या भरवशावर बोली लावणे म्हणजे भरलेली रक्कम पणाला लावणे होय, कारण मुदत चुकली तर ती जप्त होते. म्हणून पूर्ण पैसे मुदत ठेवीत तयार असल्याशिवाय मी एकाही लिलावात भाग घेतला नाही.

जाहिरातीत एक शब्द सर्वांत आधी शोधावा: ताबा सांकेतिक आहे की प्रत्यक्ष. सांकेतिक ताबा म्हणजे दारावर नोटिस चिकटवलेली आहे आणि आत माणसे राहत आहेत. त्यांना बाहेर काढण्याची प्रक्रिया जिल्हाधिकाऱ्यांमार्फत होते आणि ती किती लांबेल हे कोणीही सांगू शकत नाही. मी केवळ प्रत्यक्ष ताब्यातील मालमत्तांचाच विचार करते. दुसरी तपासणी कर्जवसुली न्यायाधिकरणातील दाव्यांची. कर्जदाराने बँकेच्या कारवाईला आव्हान दिले आहे का, हे माझे वकील पाहून येतात. तिसरी थकबाकीची. लिलाव ‘जसे आहे, जेथे आहे’ या अटीवर असतो, त्यामुळे सोसायटीची, महापालिकेची आणि महावितरणची बाकी बहुधा खरेदीदाराच्याच गळ्यात पडते.

मोशीतील एका टू बीएचके सदनिकेची पाहणी मला तपशीलवार आठवते. बँकेच्या अधिकाऱ्याने सील काढले तेव्हा आत धुळीचा थर होता, स्वयंपाकाच्या ओट्याखालचा नळ तुटलेला होता आणि न्हाणीघराच्या छताला ओल आली होती. मी तिथून थेट सोसायटीच्या कार्यालयात गेले आणि सचिवांना खातेवही दाखवण्याची विनंती केली. मेन्टेनन्स, त्यावरील व्याज आणि लिफ्टच्या दुरुस्तीची वर्गणी मिळून बाकी 1 लाख 90 हजारांच्या घरात होती. ती ओल वरच्या मजल्यावरून येत होती आणि वरच्या सभासदाने जलरोधनाचे काम करण्यास लेखी होकार दिलेला होता, हेही त्याच कार्यालयातील फाइलमध्ये सापडले. बोलीची कमाल मर्यादा मी ही सगळी रक्कम आणि मुद्रांक शुल्क वजा करूनच ठरवली, कागदावर लिहून पतींकडे दिली आणि बोली त्या आकड्याच्या खालीच थांबली. विक्री प्रमाणपत्र दुय्यम निबंधकांकडे नोंदवल्यानंतर दुरुस्तीला दोन महिने लागले. आज तेथे चाकणच्या कारखान्यात काम करणारे एक कुटुंब राहते.

त्या घरात पूर्वी राहणाऱ्या माणसांचा विचार माझ्या मनात येतो आणि तो यावा असेच मला वाटते. लिलावाची नोटिस प्रसिद्ध होईपर्यंत थकबाकी भरून घर सोडवण्याचा हक्क कर्जदाराला असतो, परंतु अनेकांना तो माहीतच नसतो. कोणी ओळखीचा अडचणीत असेल तर मी त्याला आधी हे सांगते आणि घर स्वतः बाजारभावाने विकून कर्ज फेडण्याचा मार्ग सुचवते, कारण लिलावापेक्षा त्यात त्याच्या हाती जास्त उरते.

भाडेकरूंच्या बाबतीत मी लिव्ह अँड लायसन्स करार नोंदवल्याशिवाय किल्ली देत नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याने ही नोंदणी सक्तीची केली आहे आणि ती जबाबदारी मालकाची आहे. अंगठ्याचा ठसा आणि छायाचित्र घेऊन ती घरबसल्या होते, शुल्कही पाव टक्क्याच्या आसपास आहे. पोलिसांना भाडेकरूची माहिती देणेही मी टाळत नाही. भाड्याने दिलेल्या सदनिकेसाठी सोसायटीला सेवा शुल्काच्या दहा टक्क्यांपर्यंतच बिनभोगवटा शुल्क घेता येते. हा नियम एका सोसायटीत शासन निर्णयाची प्रत देऊन मला सांगावा लागला आणि समितीने पुढच्या बिलापासून आकारणी दुरुस्त केली.

आज माझ्याकडे दोन सदनिका आणि दोन दुकाने आहेत, दोन घरे मी दुरुस्त करून विकली आहेत. भाडे आणि विक्रीचा नफा मिळून वर्षाला जे पडते ते माझ्या जुन्या पगाराच्या अर्ध्याहून थोडे अधिक आहे. सलग दोन वर्षांची विवरणपत्रे भरून झाल्यावर एका बँकेने चिंचवडच्या दुकानासाठी किमतीच्या निम्म्या रकमेचे कर्ज मंजूर केले. भाड्यातून हप्ता जाऊन थोडे उरते, म्हणून ते घेतले. यापुढची खरेदी मी मानीव अभिहस्तांतरण (बिल्डरने जमिनीची मालकी दिली नाही तर सरकारी आदेशाने ती सोसायटीच्या नावे होणे) पूर्ण झालेल्या, पुनर्विकासाला आलेल्या जुन्या सोसायट्यांमध्ये शोधते आहे आणि त्यासाठी सध्या निगडीतील इमारतींच्या मिळकत पत्रिका (प्रॉपर्टी कार्ड) काढून वाचणे चालू आहे.